परवान्यावरची रिकामी जागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बंदुकांच्या हौसेवरचा लेख वाचला. लेख चांगला उतरलाय, फक्त दोन ठिकाणी माझा हात चहाच्या कपावरच थांबला. एक म्हणजे ‘पॉइंट टू-टू ही तशी छऱ्याचीच बंदूक’ हे वाक्य. दुसरं, लेखकानं शेवटी जाता जाता टाकलेला प्रश्न: ‘एक घरात असताना दुसरी हवी कशाला?’ पहिल्याबद्दल मला शांतपणे लिहिता येईल, कारण २६ वर्षं हायस्कुलात एनसीसी शिकवली आणि दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या तासाला हेच सांगत आलो. दुसऱ्याबद्दल शांत राहणं जरा अवघड आहे. माझ्या शस्त्र परवान्यावर सध्या एक जागा रिकामी आहे आणि ती कशानं भरायची यावर आमच्या घरात आठ महिने खल चाललाय. लेख सौ.नी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला, तो प्रश्न तर दोनदा. मी म्हटलं, स्वयंपाकघरात तवे किती आहेत मोज. भाकरीचा वेगळा, चपातीचा वेगळा, डोशाचा वेगळा. त्यावर त्या म्हणाल्या, तव्याला कलेक्टरची सही लागत नाही.

आधी छऱ्याचं. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते, दाबलेली हवा छर्रा ढकलते. टू-टूमध्ये, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलीत, खरं काडतूस असतं, दारूचं आणि शिशाच्या गोळीचं. मात्र ते पेटतं वेगळ्या तऱ्हेनं. जाड नळीच्या बारा बोअर बंदुकीचं काडतूस उलटं करून पाहिलं तर बुडाच्या मधोमध टोपी दिसते, घोडा तिच्यावर पडतो. टू-टूच्या बुडाला अशी टोपीच नाही. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडाची जी कडा बाहेर आलेली असते ती आतून पोकळ असते आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळीत गोल भरलेला असतो. स्ट्रायकर, म्हणजे रायफलीतली ठोका देणारी खीळ, त्या कडेला चेपतो आणि बार उडतो. म्हणून या जातीला रिमफायर म्हणतात. कडा एकदा चेपली की पुंगळी भंगारात गेली, ती पुन्हा भरता येत नाही. अमेरिकेत १८५७ साली स्मिथ अँड वेसननं आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी याचं आखूड काडतूस काढलं. आज जगभर चालतं ते ‘लाँग रायफल’ हे काडतूस १८८७चं, स्टीव्हन्स कंपनीचं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. एवढंसं शिसं, पण परदेशी डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली मी पाहिली आहे. छऱ्याची बंदूक समजून कुणी ती अंगणात झाडू नये, म्हणून हे एवढं लिहिलं.

आणि निदान आपल्या भागातल्या वर्तमानपत्रानं तरी ही चूक करू नये. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ऑलिंपिकचं कांस्य आणलं ते याच टू-टूवर, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्यानं. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमच्या गल्लीत पेढे वाटणारेसुद्धा ‘एअर रायफल’ म्हणत होते. त्याआधी २०१०ला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, तेही ५० मीटरवर, झोपून, टू-टूनंच. या प्रकारात टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पन्नास मीटरवरून बटण. डोळे चांगले असतील तर.

डोळ्यांवरून मूळ विषयावर येतो.

२०१९पर्यंत माझ्या परवान्यावर तीन हत्यारं होती, कारण कायदा तीन ठेवू देत होता. वडिलांची दुनळी बारा बोअर, ब्रनोची टू-टू आणि बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची टू-टू. यातली ब्रनो म्हणजे जुन्या चेकोस्लोव्हाकियातली मॉडेल टू. ती मी १९८९ला एका वकिलांच्या पत्नीकडून घेतली, वकीलसाहेब गेल्यावर. बाईंनी पैशांपेक्षा जास्त चौकशी माझ्या स्वभावाची केली होती. ईशापूरची १९९६ला नवी कोरी घेतली, पहिल्या वेतन फरकातून. आपल्याकडे ‘संग्रह’ म्हणजे हा एवढाच. परदेशातले हौशी लोक टू-टूच्या पंधरा-पंधरा रायफली भिंतीला लावतात, एक खारींसाठी, एक डब्यांसाठी, एक नुसती आजोबांची म्हणून, आणि सोळावी कोणती यावर रात्र रात्र बोलतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही. पण पंधरा असलेल्या माणसाची सोळावी चुकली तर बिघडत काही नाही. आमचं मुलीच्या लग्नासारखं आहे, फिरवून आणता येत नाही.

डिसेंबर २०१९ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीनाची मर्यादा दोनावर आली. जास्तीचं हत्यार वर्षाच्या आत जमा करायचं किंवा विकायचं. नावाजलेल्या नेमबाजांना वेगळी सवलत आहे आणि ती असायलाच हवी. मी नावाजलेला नाही, जिल्ह्याच्या स्पर्धेत वयस्कर गटात कधी तिसरा, कधी सातवा येणारा माणूस. त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी टीव्ही सोडला, गाद्या सोडल्या आणि तिन्ही हत्यारं खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चढलो होतो. परवान्याचं पुस्तक सौ.च्या पदराआड होतं, तरी दोन पानांचे शिक्के फुटलेच. पुरातून तिघी वाचल्या आणि चार महिन्यांनी कायद्यानं सांगितलं, एक निवडून बाहेर काढा.

मी ईशापूरची काढली. तिनं मला काही त्रास दिला होता म्हणून नव्हे. उलट नांगरासारखी भक्कम रायफल, हातात येईल ते काडतूस मुकाट खाणारी. पण बारा बोअर वडिलांची होती आणि ब्रनो हाताला बसली होती. विक्रेत्याच्या दुकानात ती ठेवून बाहेर आलो आणि मोटारसायकलची किल्ली दुकानातच विसरलो, एवढं सांगतो.

पुढे धाकट्या भावाचा पीकसंरक्षणाचा परवाना झाला. वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे आणि रानडुकरं त्याच्यात आमच्याआधी शिरतात. वडिलांची बारा बोअर रीतसर त्याच्या नावावर गेली. माझ्याकडे ब्रनो राहिली आणि शेजारी एक रिकामी ओळ.

खरं तर ती तशीच रिकामी राहिली असती. मध्ये उजवा डोळा गेला. पूर्ण नाही. पडद्याच्या मधोमध डाग पडला. कडेचं सगळं दिसतं, बघायचं तेवढं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. रेंजवर आडवा झालो, ब्रनो खांद्याला लावली, पुढच्या माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेच्या, गोल रिंगमध्ये टार्गेटचं काळं पाहायला गेलो तर रिंग होती आणि काळं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डावा उत्तम आहे. मी विचारलं, डाव्यानं नेम धरता येईल का? ते म्हणाले, हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नाही.

उजव्या खांद्यावर रायफल ठेवून डाव्या डोळ्यानं नेम धरायचा तर मान रायफलीवरून पलीकडे काढावी लागते. माझ्या मानेनं दोन मिनिटांत नकार दिला. मग रायफलच डाव्या खांद्यावर नेली. ६३व्या वर्षी डाव्या हातानं भात खायला शिकावं तसं. रात्री दार लावून, रिकाम्या रायफलीवर, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज वीस मिनिटं. तीन महिन्यांनी श्वास, गाल, बोट जागेवर यायला लागलं. अडलं ते बोल्टपाशी.

ज्यांनी झोपून फायरिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागे ओढून पुंगळी काढायची आणि पुढे ढकलून नवं काडतूस बसवायची मूठ, उजव्या बाजूला असतो, कारण उजव्या हाताचा माणूस डाव्या हातावर रायफल तोलतो आणि मोकळ्या उजव्या हातानं बोल्ट मारतो. डावखुऱ्याचं उलटं. त्याचा उजवा हात स्लिंगमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्ट्यात, अडकून रायफलीच्या खाली आणि बोल्ट त्याच बाजूला वर. एक तर आधाराचा हात सोडा, नाहीतर डावा हात रायफलीवरून पलीकडे टाका. दोन्हीत गाल उचलला जातो आणि पोझिशन मोडते. दर गोळीला घर नव्यानं बांधायचं. ब्रनोवर मी असे ४० बार काढले. एक गोळी उत्तम, पुढची कुठेतरी, मग पुन्हा एक उत्तम. रायफल तीच, माणूस तोच, पण प्रत्येक वेळी माणूस वेगळ्या ठिकाणी.

म्हणजे लेखकाच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. दुसरी हवी, कारण माझा खांदा बदलला.

आता कोणती? क्लबातल्या तरुण मंडळींनी एका सुरात सांगितलं, सर, अन्शुट्झ घ्या. उल्मची जर्मन कंपनी, घराणं १८५६पासूनचं, डावखुऱ्यांसाठी डाव्या बोल्टची रायफल तिथे वेगळी बनते. तशी एक वापरलेली निघालीसुद्धा. पाहून आलो. नळीचं काम असं की बोट फिरवत राहावं. खांद्याला टेकवायच्या दस्त्याला इतके स्क्रू की तो माणसाच्या मापानं घडतो. पण मला दोन गोष्टी नडल्या. एक किंमत, ती सांगितल्यावर सौ. दोन दिवस तव्यांबद्दलही बोलल्या नाहीत. दुसरी, काडतुसं. अशा नळीला इंग्लंडची ईली किंवा जर्मनीची वरच्या दर्जाची काडतुसं लागतात आणि तीही चाचणी घेऊन, कारण रिमफायरचा एक लॉट, म्हणजे एका खेपेला बनलेली काडतुसं, एका नळीला मानवतो आणि शेजारचीला नाही. कडेत मसाला किती सारखा बसलाय यावर सगळं, आणि ते बाहेरून दिसत नाही. मोठे नेमबाज कारखान्यात जाऊन आपल्या नळीला लॉट लावून घेतात. माझ्या परवान्यावर वर्षाला २०० काडतुसं लिहिलेली आहेत. त्यात चाचणी काय घेणार आणि मारणार काय? क्लबच्या कोट्यातून रेंजवर मिळतात ती बहुतेक देशी. त्या रायफलीला देशी काडतूस घालणं म्हणजे शर्यतीच्या खोंडाला वर्षभर नुसता कडबा टाकणं. खोंड पळेल, पण आपल्यालाच लाज वाटेल.

नवी ईशापूर घ्यावी असंही मनात आलं. ओळखीची, देशी काडतुसावर चालणारी. पण बोल्ट उजवीकडे, म्हणजे दुखणं तेच. पुढची गोळी आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक म्हणाल तर बोल्टाचा प्रश्न सुटतो, पण ती पुंगळी उजवीकडे फेकते. डावखुऱ्याच्या नाकासमोरून गरम पुंगळ्यांची वरात. नको.

आमच्या क्लबात एक काका आहेत, ८४ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या परवान्यावर एकच रायफल आहे, बीएसएची मार्टिनी, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेली. गेली काही वर्षं ते रेंजवर येतात, खुर्चीत बसतात, इतरांच्या गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ बसल्या ते दुर्बिणीतून बघतात आणि मोजकं टाकून बोलतात. गुडघे वाकत नाहीत त्यामुळे आडवं होता येत नाही. माझा ब्रनोवरचा तमाशा त्यांनी एक अख्खा रविवार पाहिला. निघताना म्हणाले, “मास्तर, तुम्हाला बोल्टच नको आहे.”

पुढच्या रविवारी त्यांनी पेटी आणली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. माझ्या वडिलांची विलायती बीएसए सायकल होती. तिच्या पुढच्या पितळी बिल्ल्यावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या होत्या. लहानपणी मला वाटायचं, त्या काठ्या आहेत. तेच चिन्ह या रायफलीच्या अंगावर. मार्टिनी हे नाव स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिख फॉन मार्टिनीचं. त्याच्या रचनेची मोठी भावंडं, मार्टिनी-हेन्री, ब्रिटिश फौजेनं १८७१ला घेतली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात आपल्या शिपायांना नेम धरता येत नाही हे इंग्रजांच्या लक्षात आलं, १९०१ला गावोगावच्या छोट्या रायफल क्लबांची संस्था निघाली आणि त्यांच्यासाठी स्वस्त, नेमकी टू-टू हवी म्हणून ही धाकटी मार्टिनी वाढली.

हिला बोल्टच नाही. ट्रिगरच्या मागे खाली एक दांडा आहे. तो खाली ओढला की नळीमागचा लोखंडी ठोकळा मागच्या खिळीवर झुकून खाली जातो, रिकामी पुंगळी मागे उडते, वरून अंगठ्यानं नवं काडतूस सरकवायचं, दांडा वर केला की ठोकळा बसला आणि घोडाही चढला. एका वेळी एकच गोळी. मॅगझिन नाही. आणि दांडा मधोमध खाली असल्यामुळे हिला डावं-उजवं कळत नाही. ज्या हाताचं बोट ट्रिगरवर, तोच हात दांडा ओढतो आणि तोच काडतूस भरतो. आधाराचा हात जागचा हलत नाही, गालही हलत नाही. नंतरच्या बऱ्याच टार्गेट रायफलींच्या दस्त्याला उजव्या माणसाच्या गालासाठी उंचवटा काढलेला असतो. हिचा दस्ता साधा, दोन्हीकडून सारखा.

घेण्याआधी जुनी रायफल कशी बघावी हे थोडक्यात लिहितो, कारण वारसाहक्कानं आलेल्या अशा रायफली अजून बऱ्याच घरांत असतील. नळीत प्रकाश टाकून चकाकी बघून लोक खूश होतात. चकाकी फसवते. घट्ट बसणारं तेलाचं फडकं दांडीनं सावकाश ढकलावं आणि हाताला काय कळतं ते ऐकावं. मध्येच सैल झालं तर तिथे नळी फुगलेली आहे. तोंडाशी सैल झालं तर कुणीतरी वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूनं दांडी घालून कडा झिजवली आहे. मार्टिनीचा फायदा असा की एक आडवी खिळ काढली की सगळी मशिनरी खाली निघून येते आणि नळी मागूनच साफ करता येते. काकांनी साठ वर्षं तशीच केली आहे. मग वापरलेल्या पुंगळीची कडा बघावी. स्ट्रायकरचा ठसा दर वेळी त्याच जागी, तेवढाच खोल हवा. शेवटी दस्ता. मार्टिनीचा दस्ता दोन तुकड्यांत असतो, मागचा तुकडा लांब स्क्रूनं मशिनरीला आवळलेला. तिथेच, मनगटापाशी, तडा जातो. काकांच्या रायफलीला केसाएवढा तडा आहे. त्यांनी तो मी शोधायच्या आधी स्वतः दाखवला. १९७१ सालचा, म्हणाले, त्यानंतर वाढलेला नाही.

मी आडवा झालो. काका खुर्ची ओढून शेजारी बसले, कारण रायफल त्यांच्या परवान्यावरची. देशी काडतुसं, ५० मीटर, वारा डावीकडून मंद. दहा गोळ्या. पहिल्या दोन सवयीनं वाया गेल्या, दांडा ओढायला माझा उजवा हात उगीचच हलला. पुढच्या आठांतल्या सात गोळ्या दहा रुपयांच्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. शर्टाचं बटण नव्हे, पण गेल्या दोन वर्षांत माझं नाण्याएवढंही काही झालं नव्हतं. काकांनी दुर्बीण डोळ्यावरून न काढता विचारलं, “तेल कोणतं वापरता?”

त्यांच्या मुलाचं म्हणणं, बाबा, आता पोलिसांत जमा करून मोकळे व्हा. मुलगा चांगला आहे, पुण्यात असतो, घरात हत्यार नको हे त्याचं म्हणणं मी चूक मानत नाही. पण ‘जमा’ या शब्दाचा अर्थ मला २०२४ला कळला. त्या वर्षी आधी लोकसभा झाली, मग नोव्हेंबरात विधानसभा. माझा परवाना जुना, त्याच्यावर नेमबाजी असा शब्द नाही, त्यामुळे दोन्ही वेळेला ब्रनो ठाण्यात जमा. ठाण्याचं नाव लिहीत नाही, हवालदार भले होते, पावती दिली, चहाही पाजला. पण कोतात, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रांच्या खोलीत, जागा कुठे आहे? बारा बोअरच्या थप्पीवर थप्पी, भिंतीला ओल, मध्ये पावसाळा. मी तेलात भिजवलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली होती. परत आली तेव्हा फडकं नव्हतं आणि नळीवर तांबूस रांगोळी होती. वरची पुसली गेली, आतली दोन जागी राहिली. ही काही महिन्यांची गोष्ट. ज्या रायफलीला परत न्यायला कुणी येणारच नाही, तिचं काय होत असेल? वारसांनी अशी रायफल जमा करण्याआधी जवळच्या क्लबात नुसती चौकशी केली तरी एखादा घेणारा निघेल. आपल्या पुरवणीला बंदुकांवर पुन्हा लिहायचं असेल तर हा विषय घ्यावा, अशी विनंती.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती माझ्याविरुद्धची आहे. २००३च्या तुकडीत एक पोरगा होता, डावखुरा. २५ यार्डांवर पाच गोळ्या, एनसीसीची टू-टू. पोरानं रायफल डाव्या खांद्याला लावली. मी ती काढून उजव्या खांद्यावर ठेवली. त्यानं एकदाच विचारलं, “सर, डावीकडनं मारू?” मी म्हटलं, फौजेत डावं-उजवं चालत नाही. पाचातली एक गोळी टार्गेटच्या कागदाला लागली, तीही कोपऱ्याला. पोरं हसली. पुढच्या परेडपासून तो आला नाही. मी २६ वर्षांत असे किती खांदे बदलले ते मोजलेलं नाही. तो आता बाजारपेठेत पेंड आणि सरकीचं दुकान चालवतो, भावाच्या म्हशींसाठी मी तिथूनच नेतो. गेल्या महिन्यात पोतं उचलताना त्याला सांगितलं, अरे, मी हल्ली डावीकडून मारतोय. तो पैसे मोजत होता. न थांबता म्हणाला, “मग सर, हसत नाही ना कोण?”

अर्ज दिलेला आहे. माझ्या परवान्यावर नोंद होईपर्यंत रायफल काकांचीच. आमच्या दोघांच्या फायली एकाच कार्यालयात वेगवेगळ्या टेबलांवर आहेत, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही, असं तिथल्या शिपायानं सांगितलं. तोवर दर रविवारी काका रिक्षातून पेटी घेऊन येतात, मला दहा गोळ्या मारू देतात, अकरावी नाही. मग मी पुसायला फडकं घेतो तर ते हातातून काढून घेतात, स्वतः नळी पुसतात आणि पेटीची कडी दोनदा लावून बघतात.

आपला,
एक निवृत्त एनसीसी मास्तर, सांगली